धुक्याची नोंद

बाबा मोजत ते रानहंस.
लाउवर्समेरच्या समुद्रबांधावर, डिसेंबरात, दिवस कलताना
त्यांच्या मुठीत लोखंडी मोजणीयंत्र, अंगठ्याखाली टिक्. टिक्.
दुसऱ्या खिशात त्यांचा रुमाल, चीजचा तुकडा आणि माझा हात.
एका हंसाला एक टिक्. मध्ये बोलायचं नाही.
बोललं की शंभराचे एकशे दोन होतात, म्हणत.

मी क्ष-किरण मोजते.
युट्रेख्तला, सहाव्या मजल्यावर, जिथली खिडकी उघडत नाही.
एक सर्पिल दीर्घिका, ताटासारखी समोरून दिसणारी,
नाव नाही, चार आकडी क्रमांक.
चौदा तास रोखून धरली दुर्बीण तिच्यावर
आणि पदरात पडले तीनशे अकरा कण.

एवढेच? येल्मर हिरमुसला. पहिलंच वर्ष आहे त्याचं.
अरे, तीन कोटी वर्षं चालून आलेत ते.
आरशावर सरळ आले तर आरशातच जिरतात,
तळ्यावर भिरकावलेल्या चपट्या दगडासारखे
पृष्ठभागाला घासून गेले, तरच वळतात.
वळले तेवढे आपले.

मग बसलो वाटणी करत. कुणाचे कुठले?
हा घट्ट पुंजका: दोन तारे असावेत,
एक मेलेला, शहराएवढा, पण भूक शाबूत,
दुसऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतोय.
पडता पडता तापतो तो वायू, कोटी अंश,
आणि पडण्याचाच उजेड होतो.
ही फिकट कडी म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचं टरफल.
मधोमध कुणीतरी जड बसलंय,
जेवत नाही म्हणावं, तर ओठ हलताहेत.
आणि बाहेरच्या फाट्यावरचा तो एक,
त्याचं तेज त्याच्या वजनाला शोभत नाही.
त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं, पेन्सिलीनं.

हे चार मात्र तिचे नव्हेतच, मी म्हणाले.
कितीतरी मागे, दुसऱ्याच कुणाचा दिवा,
तिच्या अंगातून आरपार दिसतोय.
येल्मर विचारतो, कशावरून?
कशावरून!
बांधावर थवा उठला की त्याच्यामागून दुसरा उठायचा,
जर्मनीकडचा, उंचावरून नुसता जाणारा.
बाबांचा अंगठा थांबायचा.
ते आपले नाहीत, म्हणायचे. आज उतरायचे नाहीत.

सगळ्यांचं सगळ्यांना दिलं, तरी सत्त्याऐंशी उरले.
बाहूंच्या कडेनं विखुरलेले, कुठल्याच ठिपक्यात न बसणारे.
तापलेला वायू असेल, विरळ, ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत.
किंवा हजारो क्षीण तारे, ज्यांना एकेकटं ओळखण्याइतकी
आपली नजर बारीक नाही.
किंवा दोन्ही. निबंधात एक परिच्छेद लागेल.
अज्ञाताला क्ष म्हणायचं, ही शाळेतली सवय
अजून कामाला येते.

दुसऱ्या दीर्घिकेपुढं येल्मरनं शून्य लिहिलं.
ती आकाशाच्या त्या भागात, जिथं आपल्याच घरचा वायू दाट,
मऊ किरण वाटेतच गिळणारा.
मी ते शून्य खोडलं, जरा जोरातच,
आणि लिहिलं: असलेच, तर इतक्यांहून कमी.
तो बघत राहिला माझ्याकडे.

त्याला कसं सांगू की मार्चात
डोक्कुमचं घर रिकामं करताना
त्यांच्या एकेचाळीस वह्या मी पिठाच्या डब्यामागून काढल्या.
दर हिवाळ्याची एक. तारीख, वारा, आकडा.
शेवटचं पान जानेवारीतलं, अक्षर उतरंडीला लागलेलं.
आकड्याच्या रकान्यात शून्य नव्हतं, रेघही नव्हती.
लिहिलं होतं:
दाट धुकं. मोजता आले नाहीत.
आवाज येत होते.